न बदललेलं पान

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ज्यू निर्वासितांविषयी वाचायला लागलं की एक चित्र हमखास समोर येतं. ते एका ग्रंथाचं शीर्षकपान आहे. खालच्या बाजूला काटेरी तारांचं कुंपण आणि छळछावणी, वरच्या बाजूला ताडाची झाडं आणि पवित्र भूमीचा देखावा. वर गुलामीतून सुटकेविषयीचं एक वचन आहे. ते हग्गादातलं, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री घरोघरी वाचल्या जाणाऱ्या पोथीतलं. खाली ११९व्या स्तोत्रातलं एक वचन आहे. ग्रंथ तालमूदचा. १९ खंड, म्युनिक-हाइडलबर्ग, साल १९४८. छळछावण्यांतून वाचलेल्या रब्बायांनी तो अमेरिकी लष्कराच्या मदतीने जर्मन भूमीवर छापून घेतला आणि त्या लष्करालाच अर्पण केला. 'सर्व्हायव्हर्स तालमूद' या नावाने तो ओळखला जातो.

हे पान मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मलाही भरून आलं होतं. मग मी स्कॅन केलेल्या प्रतीची पुढची पानं उलटू लागलो. मला हिब्रू-अ‍ॅरेमाइक येत नाही, तालमूद मी इंग्रजी भाषांतरातूनच वाचतो. पण पानाची मांडणी ओळखायला भाषा लागत नाही. दुसऱ्या खिडकीत विल्नाची जुनी आवृत्ती उघडली, तेच पान काढलं आणि सवयीने दोन्हींतला फरक शोधू लागलो. फरक नव्हताच. कुठे शाई पसरली होती, कुठे कडेचं अक्षर पुसट झालं होतं, इतकंच. साठ लाख माणसं मारली गेल्यानंतर निघालेल्या या ग्रंथात त्या घटनेची खूण पहिल्या एकदोन पानांवर संपते. पुढची हजारो पानं जणू काही घडलंच नाही अशी चालू राहतात.

या ग्रंथाबद्दल जे लिहिलं जातं ते बहुतेक वेळा त्या पहिल्या पानापाशी थांबतं. माझं म्हणणं असं की वाचायचं ते पुढचंच पान आहे. निर्वासितांचं साहित्य म्हटलं की आपण नवे शब्द शोधतो: डायरी, कविता, साक्ष. इथे मात्र एका समूहाने सगळं गमावल्यावर आपली बहुतेक ताकद एकही नवा शब्द न लिहिता जुनं पान जसंच्या तसं पुन्हा उभं करण्यात घातली. याला साहित्यकृती म्हणून कसं वाचायचं?

आधी पानाविषयी. तालमूदच्या पानाच्या मधोमध मूळ पाठ असतो: मिश्ना आणि तिच्यावरची चर्चा, गेमारा. शिवणीच्या बाजूला अकराव्या शतकातल्या राशीचं भाष्य, बाहेरच्या बाजूला तोसाफोत, म्हणजे त्याच्या नातवंडांनी आणि त्यांच्या परंपरेने राशीशी घातलेले वाद. ही मांडणी आणि पानांचे क्रमांक रुळले ते १५२०च्या दशकात व्हेनिसमध्ये डॅनिएल बाँबर्ग या ख्रिस्ती मुद्रकाने छापलेल्या आवृत्तीमुळे. तेव्हापासून पानाचा क्रमांक बदललेला नाही. आपल्या पोथीसारखंच इथे पान म्हणजे पुढची आणि मागची बाजू मिळून एक. 'गित्तिन, ५६, मागची बाजू' म्हटलं की क्राकूव्हचा, बगदादचा, न्यूयॉर्कचा विद्यार्थी एकाच ओळींवर बोट ठेवतो. १९२३मध्ये मेइर शापिरो या रब्बायाने याच आधारावर एक उपक्रम सुरू केला: जगभर सगळ्यांनी रोज एकच पान वाचायचं. सत्तावीसशेच्या वर पानं आहेत. एक पारायण सात वर्षांहून जास्त चालतं.

या सगळ्यात प्रमाण मानली गेली ती विल्नाची आवृत्ती. १८८० ते १८८६ या काळात रॉम घराण्याच्या छापखान्यातून ती निघाली. मुद्रकाच्या नावाच्या जागी 'विधवा आणि बंधू रॉम' असं छापलेलं असे. युद्धात या छापखान्यातल्या तालमूदच्या शिशाच्या प्लेटा जर्मनांनी भंगार म्हणून वितळवायला घातल्या.

या प्लेटांवर एक प्रसिद्ध यिडिश कविता आहे, अव्रोम सुत्सकेव्हरची. सुत्सकेव्हर विल्नाच्या घेट्टोत होता. जर्मन लुटत असलेल्या ज्यू ग्रंथसंग्रहांतून पुस्तकं चोरून लपवणाऱ्या गटात त्याने जिवावर उदार होऊन काम केलं. १९४३ सालच्या या कवितेत घेट्टोतले लढवय्ये रात्री छापखान्यात शिरतात आणि शिशाची अक्षरं वितळवून बंदुकीच्या गोळ्या ओततात. प्रत्यक्षात तसं घडलं नव्हतं. कवीने ते घडवलं, आणि तो त्याचा हक्कच होता. अक्षराची गोळी होणं ही प्रतिमा इतकी जबरदस्त आहे की वास्तवात ते शिसं भट्टीत गेलं हे वाचल्यावरही मनात कविताच उरते.

पण या प्रतिमेत एक गृहीतक आहे: संकटात शब्दाचं काहीतरी वेगळं व्हायला हवं. त्याने रूप बदललं तर तो जिवंत, जसाच्या तसा राहिला तर निरुपयोगी. आधुनिक समीक्षाही बहुधा हेच गृहीतक घेऊन चालते. सुत्सकेव्हर ही कविता लिहीत होता त्या काळात, हजारो किलोमीटर दूर, याच विल्ना परंपरेतली काही माणसं उलट दिशेने विचार करत होती. ती शांघायमध्ये होती.

मिर हे आजच्या बेलारूसमधलं एक लहान गाव. तिथली येशिवा, म्हणजे तालमूदची पाठशाळा, पूर्व युरोपातल्या नावाजलेल्या पाठशाळांपैकी एक. १९३९च्या सप्टेंबरात सोव्हिएत फौजा आल्या तशी येशिवा विल्नाकडे सरकली, मग लिथुआनियातल्या लहान गावांत. १९४०च्या उन्हाळ्यात लिथुआनियाही सोव्हिएत संघाने गिळला. कौनासमधला डच मानद कॉन्सल यान झ्वार्टेनडाइक याने कुरासावला जायला व्हिसा लागत नाही असे शेरे मारून दिले. त्यांच्या आधारावर जपानी उपकॉन्सल चिउने सुगिहारा याने जपानमार्गे जाण्याचे व्हिसे दिले. त्याच्या यादीत दोन हजारांवर नावं आहेत. ट्रान्स-सायबेरियन रेल्वेने व्लादिवोस्तोक, बोटीने त्सुरुगा, तिथून कोबे, आणि १९४१च्या उत्तरार्धात शांघाय. मिर येशिवा जवळपास अख्खी या वाटेने गेली. युरोपातल्या दुसऱ्या कुठल्याही मोठ्या येशिवाला हे साधलं नाही.

ही सुटकेची गोष्ट आता बरीच सांगितली जाते. तिचा नायक सुगिहारा असतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या कथनात विद्यार्थी शिक्का मारलेला कागद हातात धरून गाडीत बसतात आणि गोष्ट संपते. पुढची पाच वर्षं त्यांनी काय केलं? ते पुढच्या पानाकडे वळले.

शांघायमध्ये ते बसत ते म्युझियम रोडवरच्या बेथ अहारोन सिनेगॉगमध्ये. ही वास्तू १९२७ची, सायलस हार्दूनने बांधून दिलेली. हार्दून बगदादी ज्यू, लहानपण मुंबईत गेलेला, ससूनांच्या पेढीत नोकरी करत चीनला पोचलेला. (पुण्यामुंबईच्या वाचकाला ससून हे नाव सांगायला नको.) याच हार्दून दांपत्याच्या पैशातून त्याआधी शांघायमध्ये चिनी बौद्ध त्रिपिटकाची एक मोठी आवृत्ती निघाली होती. मुंबईहून गेलेल्या व्यापाऱ्याच्या पैशातून उभी राहिलेली इमारत लिथुआनियन पद्धतीच्या पाठशाळेला उपयोगी पडली. ही इमारत १९८५मध्ये पाडली गेली.

विद्यार्थी तीनशेच्या वर आणि पुस्तकं मोजकी. येशिवात दोघादोघांनी समोरासमोर बसून, मोठ्याने वाद घालत शिकायचं असतं. त्यामुळे एक प्रत एकाने वाचून दुसऱ्याला द्यायची ही सोय इथे चालत नाही. सगळ्यांसमोर एकाच वेळी तेच पान उघडं असावं लागतं. डिसेंबर १९४१नंतर अमेरिकेशी संपर्क तुटला आणि बाहेरून पुस्तकं येण्याची शक्यताच राहिली नाही. मग त्यांनी जवळच्या प्रतींचे फोटो घेऊन ऑफसेटने ती पानं शांघायमध्येच छापायला सुरुवात केली: तालमूदचे खंड, भाष्यं, नीतिपर ग्रंथ. या पद्धतीत खिळे जुळवावे लागत नाहीत, छापणाऱ्याला अक्षर ओळखीचं असावं लागत नाही. ऑफसेट ही शिळाछापाचीच पुढची पिढी. शिळाछापाचा हा फायदा आपल्याकडेही ओळखीचा होता. मुंबईत १८४६ साली बेने इस्राएलांसाठी मराठी भाषांतरासह हग्गादा निघाली ती शिळेवरच.

मी सॉफ्टवेअर लिहितो. माझ्या जगात नक्कल ही सर्वांत स्वस्त गोष्ट आहे, दोन बटणांची. त्यामुळे 'त्यांनी नुसत्या प्रती काढल्या' हे वाक्य माझ्या डोक्यात आधी थोडं हलकंच पडलं होतं. पण त्याच जगात मी दुसरंही एक पाहिलं आहे. जुन्या यंत्रणेतली माहिती नव्या यंत्रणेत हलवताना आम्ही एकदा सगळ्या नोंदींना नवे क्रमांक दिले. माहिती एका अक्षराने हरवली नाही, पण जिथे जिथे जुन्या क्रमांकाचा उल्लेख होता ते सगळे धागे तुटले. नोंदी होत्या, त्यांच्यापर्यंत पोचायची वाट नव्हती. पानाचा क्रमांक काय काम करतो हे मला त्या फजितीनंतर नीट कळलं. शांघायमध्ये हीच पुस्तकं नव्याने खिळे जुळवून, वेगळ्या आकारात, वेगळ्या पानांकांनी छापली असती तर मजकूर वाचला असता, पण विल्नाच्या आठवणीतलं पान आणि समोरचं पान एक राहिलं नसतं. चारशे वर्षांच्या भाष्यकारांनी दिलेले संदर्भ जुळले नसते. या माणसांकडे देश नव्हता. १८ फेब्रुवारी १९४३ला जपानी अधिकाऱ्यांनी शांघायमधल्या 'राज्यविहीन' निर्वासितांना हाँगक्यूच्या ठरावीक भागात राहण्याचा हुकूम काढला. त्यांचा स्वतःचा पत्ता दर वर्षी बदलत होता, पानाचा मात्र नाही.

आता कुणी म्हणेल, हे निव्वळ जतन झालं. यात विद्वत्ता कुठे आहे? याचं उत्तर कोबेतल्या एका प्रश्नात आहे. जपानला पोचलेल्या निर्वासितांना १९४१मध्ये प्रश्न पडला की इथे शनिवार नेमका कधी? पृथ्वी गोल आहे तर दिवस कुठेतरी बदलणार. ती रेषा धर्मशास्त्राच्या दृष्टीने कुठे आहे? ग्रीनिचच्या हिशेबाने ठरलेली रेषा तोराला का बंधनकारक असावी? त्या वर्षीचा योम किप्पूर, सर्वांत कडक उपासाचा दिवस, जपानी दिनदर्शिकेप्रमाणे बुधवार, १ ऑक्टोबरला येत होता. यरुशलेममध्ये मुख्य रब्बाय हर्झोग यांच्या पुढाकाराने जमलेल्या रब्बायांचा कौल बुधवारच्या बाजूने गेला. ब्नेई ब्राकमधल्या 'हझोन इश' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रब्बायाने तारेने उलट कळवलं: बुधवारी जेवा, गुरुवारी उपास करा. त्याच्या मते रेषा यरुशलेमच्या पूर्वेला ९० अंशांवर होती आणि जपान तिच्या पलीकडे पडत होता. या वादावर त्याने पुढे 'अठरा तास' या नावाची पुस्तिकाच लिहिली. संशय मिटेना तेव्हा काहींनी शब्बाथ दोन दिवस पाळला.

प्रश्न पूर्णपणे नवा होता, आगगाडी आणि आगबोटीने आणलेला. पण त्याचा आधार रोश हशाना या प्रकरणातल्या विसाव्या पानावरची चंद्रदर्शनाची चर्चा हाच होता. कोबेतला माणूस आणि ब्नेई ब्राकमधला माणूस तारेच्या चार शब्दांत एकमेकांशी भांडू शकले, कारण दोघांसमोर तेच पान होतं. जुनं पान जसंच्या तसं टिकवणं ही नवा प्रश्न विचारता येण्याची पूर्वअट होती. अशा पुनर्मुद्रणाला मी म्हणूनच मौन म्हणणार नाही. त्यांना पुढे बोलायचं होतं, म्हणून आधी पान हवं होतं.

इथपर्यंत मी कौतुक केलं. पण एक गोष्ट मला टोचत राहते. शांघायमध्ये त्याच वेळी १८ ते २० हजार ज्यू निर्वासित होते, बहुतेक जर्मनी-ऑस्ट्रियातून आलेले. कित्येक जण लंगरातल्या एका वेळच्या जेवणावर जगत होते. अशा शहरात कागद आणि पैसा ग्रंथांवर खर्च करणं कितपत योग्य होतं? प्रश्न शांघायपुरता नाही. अमेरिकेतल्या सनातनी रब्बायांनी १९३९मध्ये स्थापन केलेली 'वाद हात्सला' ही संस्था आरंभी मुख्यतः येशिवांच्या विद्वानांना वाचवण्यासाठी पैसे उभे करत होती, तर 'जॉइंट' ही मोठी मदतसंस्था सगळ्यांकडे पाहत होती. दोघांत खटके उडाले. 'वाद'ने आपलं धोरण बदलून सर्व ज्यूंना वाचवणं हे उद्दिष्ट ठरवलं ते १९४४ उजाडल्यावर. तोवर फार उशीर झाला होता. विद्वान आधी, बाकीचे नंतर, हे वाक्य कितीही मऊ केलं तरी घशात अडकतं.

गंमत अशी की हा आक्षेप त्याच ग्रंथात आहे, गित्तिनच्या ५६व्या पानाच्या मागच्या बाजूला. रोमनांनी यरुशलेमला वेढा घातला आहे. योहानान बेन झक्काय हा गुरू मेल्याचं सोंग करून शवपेटीतून शहराबाहेर पडतो आणि सेनापती व्हेस्पासियनसमोर उभा राहतो. काय हवं ते माग, असं सेनापती म्हणतो. योहानान याव्ने गाव आणि तिथले विद्वान मागतो. मंदिर जळतं, शहर पडतं, याव्नेची पाठशाळा टिकते. पुढच्या काळातला ज्यू धर्म त्या मागणीतून उभा राहिला असं परंपरा मानते. पण तालमूद इथे टाळ्या वाजवत नाही. पुढच्याच ओळींत योसेफ नावाचा रब्बाय (काहींच्या मते अकिवा) त्याच्यावर टीका करतो: यरुशलेमच का नाही मागितलं? लगेच बचावही येतो: तेवढं मोठं मागितलं असतं तर कदाचित थोडंही मिळालं नसतं. चर्चा तिथे थांबते. निकाल नाही.

बेथ अहारोनमध्ये बसलेल्या विद्यार्थ्यांनी हे पान वाचताना स्वतःला कुठे पाहिलं असेल हे मी ठरवू शकत नाही. पण जो समूह आपल्या सर्वांत मोठ्या बचावाच्या कथेलाच चिकटवून तिच्यावरची टीका जपतो आणि ती टीकाही तितक्याच निष्ठेने पुन्हा छापतो, त्याच्या पुनर्मुद्रणाला आंधळी भक्ती म्हणता येणार नाही. मला हा बचाव पुरेसा वाटतो का? पूर्ण नाही. शांघायच्या लंगरातल्या रांगेला पान ५६ने पोट भरत नव्हतं. माझा आक्षेप शाबूत आहे. मात्र तो मांडायची जागाही मला याच पानावर सापडली, हे मान्य करावं लागतं.

शेवटी परत हाइडलबर्गकडे. सॅम्युएल अब्बा स्निग आणि सॅम्युएल रोझ हे दोन रब्बाय डाखाऊतून वाचलेले. त्यांना अमेरिकी ताब्यातल्या जर्मनीतल्या विस्थापितांच्या छावण्यांसाठी तालमूद हवा होता. १९४६मध्ये जनरल मॅकनार्नी यांच्याशी बोलणी झाली. जिंकलेल्या सेनापतीकडे जाऊन ग्रंथ मागायचा, हा योहानानचाच प्रसंग. छपाईसाठी फोटो घ्यायला पूर्ण संच हवा होता, तो जर्मनीत सापडेना, न्यूयॉर्कहून आणावा लागला. कागदाची टंचाई, पैशांची ओढाताण, मंजुऱ्या. हाइडलबर्गच्या छापखान्यातून काम पुरं होईपर्यंत १९५० उजाडलं आणि काही शेच संच निघाले. तोवर इस्राएल स्थापन झालं होतं, अमेरिकेनेही दरवाजे थोडे उघडले होते आणि छावण्या रिकाम्या होत चालल्या होत्या. ज्यांच्यासाठी ग्रंथ मागितला त्यातले बरेच जण तो छापून होईपर्यंत निघून गेले होते.

टीकाकार म्हणून मला इथे दोन आवृत्त्यांत निवड करावीशी वाटते. हाइडलबर्गचा ग्रंथ स्मारक झाला. त्याचं पहिलं पान काचेमागे ठेवण्यासारखं आहे, आणि बऱ्याच ठिकाणी ते तसंच ठेवलेलं असतं. शांघायच्या प्रतींत दाखवण्यासारखं काही नाही. शांघायचं नाव सोडलं तर त्या कुठल्याही जुन्या तालमूदसारख्याच दिसतात. पण त्या छापल्या गेल्या तेव्हा वाचणारे बाजूच्याच बाकांवर बसले होते, वाट पाहत. ग्रंथ म्हणून मला शांघायची आवृत्ती मोठी वाटते. हाइडलबर्गने काय घडलं ते चित्रात सांगितलं. शांघायला त्याबद्दल काहीच सांगायचं नव्हतं, कारण उद्याचा पाठ तयार करायचा होता.

गित्तिनचं ते पान मी वाचलं सेफारिया या संकेतस्थळावर, फोनवर, ऑफिसच्या बसमध्ये. तिथे राशी कडेला नसतो. ओळीवर बोट ठेवलं की उघडतो. व्हेनिसची चौकट, विल्नाचा टाइप, शांघायचा ऑफसेट, काहीच उरलेलं नाही. पण दुव्यात प्रकरणाच्या नावापुढे अजून ५६ आहे आणि त्यापुढे मागच्या बाजूची खूण. बस कंपनीच्या दारात पोचली तेव्हा मी योहानानवरच्या टीकेच्या ओळीवर होतो. संध्याकाळी परत येताना तिथूनच पुढे वाचायला घेतलं.